आवळलेला किरण

आमच्या लॅबमधल्या टेबलावर एकीकडे लेसरची रांग, समोर प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची. मधे तार नाही, नुसती हवा; संदेश प्रकाशानेच पाठवायचा. सहकारी सुलभाताईंनी नेहमीप्रमाणे उदबत्ती धरली. धुरात लाल किरण दिसले, पण ते पसरून शेजारच्या सेन्सरवरही पडत होते. मी लेसरपुढचं छिद्र बारीक केलं, तर किरण आणखीच पसरला.

"जितका आवळाल तितका फाकणार," ताई म्हणाल्या. "साहेब म्हणतात तशा तारा जोडा आणि मोकळ्या व्हा."

मला हसू आलं. 'जरा अंग चोरून बस' हे मीही लहानपणापासून ऐकलंय, आणि दरवेळी ऐसपैस बसलेय.

मी छिद्र पहिल्यापेक्षाही मोठं केलं. किरण सरळ समोर गेला.

"असे रांगेत कमी लेसर मावतील हं," ताई म्हणाल्या.

"मावू देत कमी," मी म्हटलं. "पण मावतील तेवढे ताठ जातील."