वरणाच्या गंजात जिलेबी

“थांबा! कोणी वाढू नका! झाकण ठेवा परत!” राठोडभाऊ दवाखान्याच्या फाटकापाशी असे ओरडले, की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडून थेट अमरावतीला गेले असावेत, निदान त्या दिवशी तरी ते परत आले नाहीत. मी धावत जाऊन गंजात, म्हणजे त्या कमरेएवढ्या पातेल्यात, डोकावलो. सकाळी आम्ही शिजवले होते तुरीचे वरण. गंजात होती जिलेबी. काठोकाठ, केशरी, पाकात चमकणारी. दुसऱ्या गंजात भाताऐवजी पुऱ्या, आणि तिसऱ्यात आलू-वांग्याच्या जागी पनीर. तिन्हींवर तुळशीचे पान ठेवलेले आणि समोर माझे बाबा, डोळे मिटून, हात जोडून उभे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. नेरमधली आम्ही तीन घरे दर शनिवारी सरकारी दवाखान्यासमोर पेशंटच्या नातेवाइकांना जेवू घालतो. आमचे घर, तांड्यावरून गावात राहायला आलेले राठोडभाऊंचे घर आणि शेजारच्या शिंदेवहिनींचे घर. घरटी एक माणूस पाठवायचा, असे आमच्यात नाही. घराला कुलूप लागते आणि आजीपासून नातवापर्यंत सारे येतात. मारोतीच्या देवळामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वयंपाक होतो. बाया फोडणी घालतात, पोरे कांदे सोलताना अशी रडतात की वाटावे गावात कुणी गेले. मी गळ्यात शिट्टी अडकवून व्यवस्था पाहतो. माझ्या शिट्टीने एकदा स्टँडवरून निघालेली एसटी मागे फिरली होती. घरचे हे मान्य करत नाहीत, पण घरच्यांनी माझे कोणते मोठेपण मान्य केले आहे?

बाबांचा नियम एकच. अन्न शिजले की झाकणावर फडके बांधायचे, आणि जिथे वाढायचे तिथेच ते सोडायचे. अन्नाची पहिली वाफ देवाची. तोवर कुणी उघडायचे नाही, हुंगायचे नाही, चाखायचे तर नाहीच.

त्याच्या आदल्या शनिवारी रांगेत एक म्हातारी आली होती. राठोडभाऊंच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणू लागलो. तिच्या सुनेला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगा झालेला, पण पोर अगदीच अशक्त, त्यामुळे मायलेकरे दवाखान्यातच. याडीने वरण-भात घेतला आणि आमच्या मंडळींना, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच विचारले, “गोड काही नाही का बाई? नातू झाला, अन् म्या अजून एकाचं तोंड गोड नाही केलं. पुढच्या शनिवारी सुट्टी देतो म्हणते डाक्टर.”

“पुढच्या शनिवारी तुमच्याच हातानं वाटू,” आमच्या मंडळींनी सांगून टाकले.

सांगायला काय जाते? घरी आल्यावर तिन्ही घरांनी हात वर केले. वरण, भात, भाजी यातच आमचा जीव मेटाकुटीला येतो. एवढ्या लोकांना गोड कुठून आणायचे? तेव्हा ही बाई तडक मारोतीपुढे जाऊन उभी राहिली. “मी शनिवारचा शब्द देऊन बसली. आता तू पाह्य,” एवढेच म्हणाली आणि घरी येऊन शांतपणे झोपली. झोप उडाली ती माझी. मी तिला म्हटलेही, “अवो, मारोतीले तेल-शेंदूर समजते. त्याले जिलेबीतलं काय समजते?” माझी श्रद्धा ही अशी. शिट्टीवर जास्त, देवावर कमी.

तो शनिवार उजाडला, तर शेडच्या अर्ध्या भागात हलवाई बसलेला. जवळच्या गावातल्या दादारावांच्या मुलीचे लग्न होते आणि त्यांच्याकडे पाण्याची अडचण, म्हणून स्वयंपाक इथे. दादाराव म्हणजे असा माणूस, की त्यांनी खाकरले तरी बाजारातली टमाटी पिकतात. आमचे गंज आणि त्यांचे गंज भाड्याने आणलेले, एकाच बिछायत केंद्रातले, सगळ्यांवर तेच लाल रंगातले नाव. न्यायला त्यांचाही छोटा हत्ती टेम्पो, आमचाही छोटा हत्ती. हलवाईने पाहिले, की आम्ही झाकणांवर फडकी बांधतो. त्याला ती पद्धत आवडली आणि त्यानेही बांधली. मग मी शिट्टी फुंकली, हात हलवले, “हे तिकडं, ते इकडं” केले. आणि पोरांनी माझे तंतोतंत ऐकले, हाच घोटाळा झाला.

फाटकापाशी बाबांनी फडकी सोडली, डोळे मिटूनच झाकणे काढली, तुळस ठेवली आणि नैवेद्य दाखवला. त्यानंतर राठोडभाऊ ओरडले.

“परत भरा गाडीत. दादाराव आपल्याले उभा सोलते,” मी म्हटले.

बाबांनी डोळे उघडले, जिलेबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “नैवेद्य झाला बापू. हे आता आपलं नाही अन् दादारावचंही नाही. तू जाऊन त्याचे पाय धर. आम्ही वाढतो.”

मी दादारावांना फोन लावला. पलीकडून नुसता बॅन्ड ऐकू आला. राठोडभाऊंच्या मोटारसायकलला किक मारताना मागे वळून पाहिले, तर आमच्या मंडळींनी याडीला हाताला धरून गंजापाशी आणले होते. याडी गंजात पाहत राहिली. तिने पदर डोळ्याला लावला, मग कमरेला खोचला आणि पहिली जिलेबी फाटकावरच्या चौकीदाराच्या हातावर ठेवली. “नातू झाला,” ती म्हणाली. दुसऱ्याला दिली, “नातू झाला.” रांगेतली माणसे हसायला लागली. ज्यांची माणसे आत खाटेवर होती तीही हसली. शिंदेवहिनींची पोरे पुऱ्या घेऊन धावत होती. माझ्या अंगावर असा काटा आला, की त्यावर कापूस पिंजून निघाला असता.

मग वाटेत तो काटा भीतीचा झाला. मांडवात पोचलो तर पंगत बसलेली. पानात आमचे वरण, आमचा भात. नवरदेवाचे मामा, पुसदकडचे कुणी गुरुजी, माईक धरून बोलत होते. आजकाल लोक लग्नात पैशाचा देखावा करतात, पण आमच्या व्याह्यांनी वरण-भाताची साधी पंगत देऊन डोळे उघडले, असे ते सांगत होते, आणि वऱ्हाडी टाळ्या वाजवत वरण मागत होते. दादाराव खांबाला टेकून, हात जोडून ते कौतुक स्वीकारत होते. चेहरा मात्र मारोतीच्या मूर्तीसारखा लाल.

मी पाय धरले आणि एका दमात सगळे सांगितले. फडकी, तुळस, याडी, नातू.

“पोट्टं कसं हाय?” त्यांनी विचारले.

“बरं हाय. आज सुट्टी होते.”

“मंग कायले थरथरून राह्यला? बस जेवाले. वरणात मीठ कमी हाय, लोणचं घे.”

परत येताना मी मोटारसायकल हळू चालवली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. हे कुणी केले, असे मी विचारत नाही. हलवाई म्हणेल चूक झाली, राठोडभाऊ म्हणतील शिट्टी झाली. मला एवढेच उमगले, की आठवडाभर काळजीचे गाठोडे मी वाहिले आणि ज्याच्या हवाली ते आधीच केलेले होते, तो निवांत वाट पाहत होता. आपण आपले गंज भरावे. कोणता गंज कुठे उतरवायचा ते त्याच्याकडे. मारोतीराया, माझ्या शिट्टीतून तू फुंकलेस, हे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यापाशी पोचलो तेव्हा याडी, सून आणि दुपट्यातला नातू जीपमध्ये बसून निघाले होते. आमची मंडळी नळाखाली रिकामा गंज घासत बसली होती. मी धापा टाकत मांडव, माईक, टाळ्या, लोणचे, सगळे सांगितले आणि म्हटले, “पाह्यलं? मारोतीनं जिलेबी धाडली.”

तिने गंज उलटा केला आणि म्हणाली, “मंग? मी त्याले शनिवारच सांगतला होता.”