मळे नाई, मले

अमरावतीले मी ज्या रिटायर वकिलाच्या घरी भांडे घासतो, त्याईच्याकडे भोंग्याचं जुनं मशीन हाये. त्याच्यावर मेणाच्या नळ्या गाणं म्हनतात. साहेब नळीच्या आत दोन बोटं घालूनच तिले उचलतात, वरून हात लावत नाई. दर खेपेले आवाज थोडा झिजते, म्हनून एक नळी वर्सातून एकदाच वाजवतात.

परवा त्याईनं जात्यावरची ओवी लावली. कोन्या जुन्या बाईचा आवाज खरखरीतून आला. साहेब कागदावरचं वाचून म्हने, "'दादा, मळे नेजो गा.' आता मळे कसे न्यायचे, मावशी?"

मले हासूच आलं. "साहेब, मळे नाई, मले! बाई भावाले म्हनून राहिली, मले माहेरी ने."

"तुम्ही लोक ळ चा ल करता, म्हणून मी सुधारून लिहिलं."

"मी बी दळता दळता हेच म्हनो. चार वर्सं कोनी न्याले आलं नाई."

साहेबाईनं रबरानं तो शब्द खोडला अन् मशीनले पुन्हा चावी भरली.

"नका लावू साहेब, झिजन ते!"

"झिजू द्या, मावशी. इतकी वर्षं वाजवली, पण तिचं ऐकलंच नव्हतं."