सात नंबरची नोंद

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. गावात कुणाच्या अंगात आलं, की मी उठून चालू लागायचो. तरी हे लिहितोय...

मी मूळचा वाशिमचा. जयपूरला सीतापुऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत मशीनची दुरुस्ती होते. फिटरने आत शिरण्याआधी शेअर्ड फोल्डरमधल्या यादीत मशीनचा नंबर आणि आपलं नाव टाकायचं. वेळ आपोआप पडते. पॅनल रूममधला कॉम्प्युटर नेटवर्कवर नाही, म्हणून ती यादी मी पेन ड्राईव्हवर तिकडे नेतो. यादीतली मशीनं सोडून बाकीची तिथले ऑपरेटर सलीमभाई चालू करतात.

शेअर्ड फोल्डरची एक खोड आहे – फाईल बदलली तरी तुम्हाला कधीकधी जुनीच माहिती दिसत राहते, आणि कॉपीही तशीच होते. म्हणून आधी रिफ्रेश करायचं, हे सगळ्यांना मीच शिकवलं. त्या दिवशी मीच केलं नाही. फाईल १२:४० ची दिसत होती. उघडून पाहिली, दोन नावं. कॉपी केली, निघालो.

सलीमभाईंनी फाईल उघडली. "तीन, ग्यारह... और सात. घनश्यामजी."

"सात कहाँ से आया? दो ही थे!"

"पढ़े-लिखे आप हो भैया. मैं तो जो लिखा है वो बोल रहा हूँ."

मी वाकून पाहिलं. सात नंबर, घनश्यामजी – आमचे फिटर – वेळ १:२५. आणि भिंतीवरच्या घड्याळात १:१४.

"टाइम ही गलत है. चालू करो," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

सलीमभाईंनी बटणावरचा हात काढून घेतला. "पहले देख के आओ."

चिडून गेलो. सात नंबरच्या ड्रमच्या तोंडातून दोन पाय बाहेर दिसत होते...

घनश्यामजींना बाहेर ओढलं. ते उलट माझ्यावरच वैतागले. "पाँच मिनट का काम था, नाम बाद में चढ़ा देता!"

मी धावत जागेवर आलो. पाच वेळा रिफ्रेश केलं. सर्व्हरवरच्या यादीत दोनच नावं. तोवर सुपरवायझरने घनश्यामजींना झापून कॉम्प्युटरवर बसवलं होतं – नाव टाक, मगच परत आत जा. एका बोटाने त्यांनी टाईप केलं. माझ्या स्क्रीनवर तिसरी ओळ उमटली. वेळ १:२५.

जुनी माहिती मागे राहते, हे मला कळतं. पण जे अजून कुणी लिहिलंच नाही, ते? त्याआधीच्या वर्षभराच्या याद्या तपासल्या. सात नंबरवर घनश्यामजींचं नाव एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी घनश्यामजींना सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "भैया, मैं अंदर ही रह जाता... तो एक पच्चीस पे वो लाइन लिखता कौन?"