आबांचं सोवळं रक्त

आबा मान वर करून बोलत. ओठामागे तंबाखूचा बार असे, तो सांडू नये म्हणून. नव्या माणसाला वाटे, यांना आभाळात कोणी दिसतंय की काय. पुण्याजवळ रहाटणीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी पाच वर्षं भाड्याने राहिले. माणूस मूळचा तिथलाच. मुलं चाकणला कंपनीत, आणि आबा दिवसभर देवळासमोरच्या पारावर.

मी परभणीहून संशोधनासाठी आले होते. आबा भेटेल त्याला सांगत, "ही आमची पोरगी. रक्तातल्या पेशी मोजती."

एकदा त्यांनी नीट विचारलं. मी सांगितलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात आणि काम झालं की आपणहून मरतात. त्यांच्या अंगावर शरीराचे निरोप घेणाऱ्या जागा असतात. तंबाखूतलं निकोटिन त्यांतल्याच काही जागांवर जाऊन बसतं. त्यामुळे पेशींचं मरण लांबतं की लवकर येतं, ते मी बघतेय.

आबा विचारात पडले. "म्हंजे पाट मांडला दुसऱ्यासाठी, आन् त्यावर जाऊन बसली तंबाखू?"

इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

तंबाखू खाणाऱ्यांचं रक्त मिळेना, तेव्हा आबाच म्हणाले, "आमी हाय की." ठरल्या दिवशी आबांसकट पारावरचे पाच जण धुतलेल्या टोप्या घालून लॅबमध्ये हजर. सह्या केल्या, रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली.

आठवड्याने माझं अवसानच गळालं. पाचही नमुन्यांत निकोटिनचा मागमूस नव्हता. माझ्या मार्गदर्शक मॅडमना वाटलं, माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. तसं असेल तर माझ्या आधीच्या कामावरही कोण विश्वास ठेवणार? घरी येऊन मी जिन्यातच बसले. आबांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

ते जरा चुळबुळले. "आगं, आठ दिस कुणालाच खाऊ दिली न्हाई मी. लेकीला द्यायचं रक्त, ते घाण कसं द्यायचं?"

मला रडू आलं आणि त्यातच हसूही.

दुसऱ्या दिवशी आबा मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. "पोरीचं काय बी चुकलं न्हाई. गाढवपणा माझा." मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दात्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला.

महिन्याभराने चौघं परत आले, या वेळी रोजच्यासारखे. आबांनी मात्र तंबाखू पुन्हा धरलीच नव्हती. "सुटलीया, तर ऱ्हाऊ दे." आता ते खाणाऱ्यांत बसेनात आणि कधीच न खाणाऱ्यांतही बसेनात. माझ्या अभ्यासात आपल्याला रकानाच नाही, हे ते पारावर अभिमानाने सांगत.

प्रबंध झाला, पुण्याच्या त्या टोकाला नोकरी लागली. सामानाचा टेम्पो दारात आला, तर आबा इस्त्रीचा सदरा घालून तयार. "तुझी नवी लॅब बघून येतो. रक्ताला माणसं कमी पडली तर असावं कुणीतरी."

नव्या कामात पासष्टीपुढचे दाते चालत नव्हते, आणि आबांना सदुसष्टावं लागलं होतं. मी ड्रायव्हरकडे सरकून त्यांना खिडकीची जागा दिली.