उलटं वाचलेलं कॉमिक
गरम झेरॉक्सचा वास आला की दहावीतली एक मधली सुट्टी आठवते. माझ्या वर्गातल्या सोनलने द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेतून जपानी कॉमिकची पानं छापून आणली होती. त्यात दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात होते. मी सवयीने डावीकडून वाचत गेले. आधी मिठी, मग अबोला आणि शेवटी दोघं अनोळखी. मला रडू यायला लागलं.

"यांचं असंच होतं का गं?"

"येडी, जपानी लोक उजवीकडून वाचतात!"

पुन्हा वाचलं. अनोळखी मुलं हळूहळू जवळ आली.

"मुलींचं पण असतं असं?" मी पानांकडे बघतच विचारलं.

"असेल. आणू का शोधून?"

मी घाईने नको म्हटलं. तेव्हा वाटलं, तिने सहज विचारलं. आता वाटतं, माझ्या 'हो'ची ती वाट बघत असावी.