आंबर्डेकर काकूंचा पहिला खून

"देवळेकर, घोडबंदरला माणूस खाडीत टाकला, तर तो वाहत वसईकडे जाईल की तिथेच घुटमळत राहील?"

आंबर्डेकर काकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. आम्ही भाईंदर पूर्वेला नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून खोक्यांत होतं. समोरच्या दारातल्या साठी ओलांडलेल्या बाई हातात झाकलेली वाटी घेऊन उभ्या होत्या, आणि माझी बायको सुनंदा माझ्यामागे उभी राहून हसू दाबत होती.

"कोणता माणूस?" मी विचारलं.

"मेलेला हो. जिवंत असता तर त्यालाच विचारलं असतं. सुनंदा म्हणाली, तुम्हाला आकड्यांची आवड आहे, म्हणून आले. हे घ्या, आंबोळ्यांबरोबरची चटणी आहे."

मी हाटकेशला एका कारखान्यात मालाचा साठा तपासण्याचं काम करतो. अंदाजाने उत्तर द्यायची मला सवय नाही. भरती आहे की ओहोटी यावर ते अवलंबून, भरती-ओहोटीची वेळ तिथीवर अवलंबून, तेव्हा आधी तिथी सांगा, असं मी त्यांना सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला. "बघ सुनंदा, आमच्या घरात एवढं मोठं इतिहासाचं दुकान आहे, पण तिथी कुणी विचारली नाही."

इतिहासाचं दुकान म्हणजे त्यांचे यजमान, श्रीनिवास आंबर्डेकर. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे नावाजलेले लेखक. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. सत्कार, शाली, नारळ यांनी त्यांची बाहेरची खोली भरलेली असे. त्यांच्या प्रत्येक कादंबरीची मुद्रितं काकूंनी तपासली होती, हे मात्र सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही ते काकूंनी नव्हे, अण्णांनीच सांगितलं, आणि तेही "चहात आलं ती घालते" इतक्या सहज.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मी स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहितो.

त्यांची नजर कशी होती, याचं एक उदाहरण देतो. आमच्या इमारतीत सकाळी दाराला लावलेल्या दुधाच्या पिशव्या नाहीशा होऊ लागल्या. कमिटीने वॉचमनवर संशय घेतला. तो जौनपूरकडचा साधा माणूस, दोन मुलींचा बाप. त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. काकू मीटिंगला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांबा." दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी वाटी घेऊन गेल्या आणि तूप मागून आणलं. त्यानंतर एकही पिशवी गेली नाही.

मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "त्यांच्या दाराला रोज गायीच्या दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. आणि आठवड्यातून दोनदा घरात तूप कढवल्याचा घमघमाट. गायीच्या एवढ्याशा दुधावर एवढी साय धरते होय? साय आपल्या सगळ्यांच्या म्हशीची होती."

"मग तुम्ही त्यांना काय बोललात?"

"काही नाही. म्हटलं, तूप फार छान कढवता हो तुम्ही, वास थेट वरपर्यंत येतो. तेवढं पुरलं. खोटं उघडं पाडायला आरडाओरडा लागत नाही, देवळेकर."

वॉचमन मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांना पाहिलं की उठून उभा राहायचा. "काकीजी, आपने बचा लिया." त्यावर काकूंचं मोडकंतोडकं हिंदी, "मैंने नहीं, घी ने बचाया. बैठो बैठो."

तर काकू कादंबरी लिहीत होत्या. मराठ्यांनी वसईचा मुलूख घेतल्यानंतरचा काळ. पुण्याहून एक नामवंत बखरकार मोहिमेची हकिकत लिहायला घोडबंदरच्या किल्ल्यावर येतो. बरोबर त्याची बायको यमुना. किल्ल्यावरच्या धान्यकोठीचा कारभारी मारला जातो आणि त्याचं प्रेत खाडीत सापडतं. बखरकार लढाया लिहीत बसतो, आणि खुनाचा छडा लावते यमुना. माझं काम तिथी, चंद्र, भरती आणि अंतरं तपासायचं.

एकदा मी त्यांचं एक पान परत केलं. "काकू, श्रावण शुद्ध पंचमी आहे. चंद्र मध्यरात्रीच्या आधीच मावळतो. तुम्ही प्रेत नेताना चांदणं पाडलंय."

"श्रावणात आभाळ भरलेलंच असतं, कुणाला कळतंय?"

"मला कळलं."

त्यांनी मान हलवली. "बरं, अंधारात नेते. तुमच्यामुळे बिचाऱ्याला शेवटचं चांदणंसुद्धा मिळालं नाही."

आम्ही तिघं एका रविवारी रिक्षाने घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. तिथे भेटलेला एक उत्साही तरुण बुरूज, तोफांच्या जागा, खाडीवर नजर कशी राही, सगळं समजावून सांगत होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, मोरी कुठे होती रे?" तो गडबडला. काकू मला म्हणाल्या, "तलवारी कुठे टांगायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताटं कुठे घासायचे ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझं पुस्तक तिथूनच सुरू होतं." मग सुनंदा आणि त्या पदर खोचून भिंतीच्या कडेने पाणी वाहून जायची वाट शोधत राहिल्या. मी पावलांनी अंतर मोजत होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आमचं काहीतरी हरवलंय.

कादंबरी पूर्ण झाली आणि अडचण उभी राहिली. अण्णांच्या प्रकाशकांनी ती वाचली आणि ते स्वतः भाईंदरला आले. मला काकूंनी मुद्दाम बोलावलं होतं. प्रकाशक खुशीत होते.

"वहिनी, फर्स्ट क्लास! सोडवत नाही हातातून. लगेच छापू या. फक्त नाव अण्णांचं टाकू. फार तर 'श्रीनिवास व इंदुमती आंबर्डेकर' करू."

"का हो?"

"अहो, या नावाला वाचक आहे. आणि खरं सांगा," ते हसले, "अण्णांचा हात फिरलाच असेल ना? इतका बंदिस्त प्लॉट पहिल्याच खेपेला..."

अण्णा म्हणाले, "छे, मी अजून वाचलेलीसुद्धा नाही." प्रकाशक आणखी हसले. त्यांना तो विनय वाटला. आणि मला वाटतं, आपलाच हात फिरलाय असं लोकांना वाटावं, हे अण्णांनाही फारसं नको नव्हतं.

काकूंच्या हातात कपबशी होती. त्यांनी ती खाली ठेवली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या नावाच्या पुस्तकांत चुका शोधल्या होत्या, आणि आता स्वतःचं पुस्तकही त्याच नावावर जायची वेळ आली होती. नकार दिला तर ते छापलंच जाणार नव्हतं. दुसरा प्रकाशक शोधायला त्यांच्याकडे ना ओळखी होत्या, ना वय.

पण आवाज अगदी नेहमीचा होता. "असं करू या. शेवटचं प्रकरण मी काढून देवळेकरांकडे देते. बाकीचं यांनी वाचावं. पुढच्या रविवारी खुनी कोण ते सांगावं. बरोबर सांगितलं, तर यांचंच नाव टाका, मोठ्या टाइपात. माझं आतसुद्धा नको. चुकले, तर फक्त माझं."

"वहिनी, त्यांनी इतिहासावर आयुष्य काढलंय," प्रकाशक म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणते."

अण्णांना गंमत वाटली. "ठरलं, इंदू. नंतर रुसायचं नाही." शेवटचं प्रकरण मी लिफाफ्यात घालून चिकटवलं आणि चारी कडांवर सही केली. अशा बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवरही नाही. ते प्रकरण मीही वाचलेलं नव्हतं, कारण त्यात चंद्र नव्हता.

तो आठवडा मला जड गेला. घरी मी सुनंदाला म्हटलं, "काकूंनी हातातलं घालवलं. अण्णा ओळखणार." सुनंदाने तोपर्यंत बाकीचं हस्तलिखित वाचून संपवलं होतं. ती पोळ्या लाटत होती. "तुम्हाला कळला का खुनी?"

"होडीवाला. भरतीची वेळ त्यालाच अचूक माहीत होती."

तिने पाठ फिरवून पोळी उलटली. पण मला वाटतं, ती हसत होती.

रविवारी सगळे जमले. अण्णा तयारीने आले होते. उभे राहूनच बोलले. खून राजकीय आहे, कोठीतल्या धान्याच्या आडून फिरंग्यांशी संधान बांधलं होतं, गोव्याचा तो व्यापारी दोनदा किल्ल्यावर येऊन गेला, दोन्ही वेळी कारभारी अस्वस्थ होता, म्हणून खुनी तो व्यापारी. तहांचे दाखले आले, जकातीचे आले. प्रकाशक प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मलाही ते इतकं पटलं की होडीवाल्याची मला लाज वाटू लागली.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. "झालं तुमचं? देवळेकर, फोडा लिफाफा."

प्रकाशकांनी प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. किल्ल्यावर सगळे जमलेले असतात. यमुना कुणालाही न विचारता फडावरच्या, म्हणजे कचेरीतल्या, कारकुनासमोर जाऊन उभी राहते. हाच तो कारकून, ज्याच्यावर पुस्तकभर कुणाचा संशय जात नाही, कारण त्याने सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की त्या सकाळी तो आपल्या घरच्या पडवीत पोथी वाचत होता आणि आत बायको विळीवर भोपळा चिरत होती, ती कचकच अजून कानात आहे. बायकोही दाराआडून मान हलवते. यमुना त्याला म्हणते, "त्या दिवशी नागपंचमी होती, कारकून. तुमच्या घरात विळी कुणी मांडली?"

प्रकाशक थांबले. मग सुनंदाला हसू आवरेना. "अहो, मी तर त्याच पानावर ओळखलं. नागपंचमीला कोण भोपळा चिरतं? त्या दिवशी विळीला हात लावत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही. बाईने मान हलवली ती नवऱ्याच्या भीतीने."

मी कपाळावर हात मारला. श्रावण शुद्ध पंचमी! त्या पंचमीचा चंद्र मी तपासला होता, भरती तपासली होती.

अण्णा खुर्चीत बसले. "पण इंदू, हे... आपल्या घरीसुद्धा असं असतं?"

"आपल्या घरी नागपंचमीला तुम्ही लग्नापासून पुरणाची दिंडं खाताय," काकू म्हणाल्या. "वाफवलेली. त्याच दिवशी वाफवलेलीच का, विचारलंत कधी? तूप वाढ म्हणायचात तेवढं."

प्रकाशकांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "पण वहिनी, मग हे गुपित अर्ध्या वाचकांना आधीच कळेल."

"अर्ध्या नाही. बायकांना कळेल. मग त्या पुस्तक नवऱ्याच्या हातात देतील आणि म्हणतील, सांगा बघू खुनी कोण. आता तुम्हीच बघा, या खोलीत पुरुष किती आणि ओळखलं किती जणांनी."

प्रकाशक इतके मोकळेपणाने हसले की त्यांचा चष्मा घसरला. "हरलो, वहिनी. नाव तुमचंच."

महिन्याभराने ते मुखपृष्ठाचा नमुना घेऊन आले. किल्ला, खाडी, आणि पुढे पदर डोक्यावर घेतलेली यमुना. सुरेख चित्र होतं. वर मोठ्या अक्षरांत 'बखरकाराची बायको' आणि खाली 'इंदुमती श्रीनिवास आंबर्डेकर'. त्यात 'श्रीनिवास' जरा ठळक होता.

काकूंनी चष्मा लावला. "हे मधे कोण?"

"रीत आहे ना, वहिनी. सगळ्याच बायका लावतात. आणि दुकानात लोकांची नजर त्यावर..."

"रीत मला ठाऊक आहे. रेशनकार्डावर लावतेच की मी. पण हे पुस्तक आहे. यांचा यात हात असता तर मधेच काय, आधी लावलं असतं. यांना तर खुनीसुद्धा सापडला नाही!"

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मला क्षणभर वाटलं, त्यांना लागलं. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसत होते. त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, नमुना समोर ओढला, स्वतःच्या नावावर सरळ एक रेघ मारली आणि मुद्रितं तपासणारे लिहितात तसं समासात लिहिलं, 'काढा'.

काकूंनी तो कागद उजेडात धरून नीट तपासला.

"बरोबर काढलंत," त्या म्हणाल्या. "आता खाली सही करा."