वर्षभरासाठी उसना नवरा

खोट्या प्रेमाच्या गोष्टी माझ्या डोक्यात जातात. म्हणजे त्या गोष्टी, ज्यात दोघं जण जगाला दाखवायला प्रेमाचं नाटक करतात आणि शेवटी खरोखरच प्रेमात पडतात. तिला बहिणीच्या लग्नात एकटीनं मिरवायची लाज वाटत असते, त्याला आजोबांची कंपनी पाहिजे असते, मग दोघं बसून करार करतात. नियम पहिला, प्रेमात पडायचं नाही. हे वाचलं की शेंबडं पोरसुद्धा शेवट सांगेल. तरी पोरी ताटावरून उठून हे वाचायला पळतात.

नांदेडला माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण त्यातलीच. ती नुसती वाचायची नाही, खेळायचीसुद्धा. फोनवर कुण्या अनोळखी बाईबरोबर एकेक ओळ लिहून गोष्ट पुढं न्यायची. ही नायिका, समोरची नायक. 'तुझी जुनी मैत्रीण बघून राहिली, म्हणून मी तुझा हात धरते.' बाहेर वसतिगृहाच्या नळावर बादल्यांची भांडणं, तिकडं लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि आमच्या बाईसाहेब कुठल्याशा हॉटेलात एकच पलंग शिल्लक निघाला म्हणून लाजत होत्या! मी त्या वर्षी आमच्या संघटनेकडून, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून, पत्रकं लिहायचे आणि वाटायचे. मला तर ही चैन बघूनच संताप यायचा.

एकदा न राहवून विचारलं, "काय ठेवलंय गं त्यात?"

"तिथं विचारतात," ती म्हणाली. "हात धरू का, घरी काय सांगू, किती दिवस चालवायचं, सगळं आधी विचारतात. आपल्याकडं विचारतं का कुणी?"

"मग विचारून घ्यायला आधी खोटं बोलावं लागतं, असंच ना?"

तिनं परत फोनमध्ये तोंड घातलं.

ती औषधशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला लागणार होती. ते एक वर्ष पदरात पडलं की तिला रेणापूरला स्वतःचं औषधाचं दुकान टाकता येणार होतं. आणि नेमकं तेच वर्ष तिच्या घरच्यांनी लग्नासाठी धरलं होतं. दुष्काळात पंगतीला पाणी कुठून आणणार, म्हणून गावोगाव लोक देवळात चार माणसांत लग्नं उरकून राहिले होते, आणि त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं. रेणापुरात किराणा दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांना, अप्पांना, पोरगी उजवायला याहून सोयीचं साल दिसत नव्हतं. दर रविवारी पोरगा बघायला यायचा आणि हिला घरून बोलावणं यायचं.

मग बाईंनी गोष्टीतली युक्ती काढली. आमच्या संघटनेतला एक पोरगा होता, लातूरचा, तिच्याच समाजाचा. त्याला घरी न्यायचं, आमचं जमलंय म्हणायचं, दोघांचं शिक्षण होईपर्यंत थांबा म्हणायचं. वर्ष निघून गेलं की भांडण झालं म्हणून सांगायचं. पोरगा लगेच तयार झाला. मोर्चात घोषणा देताना त्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडायचा.

मी तिला म्हटलं, "हा वेडेपणा आहे. गोष्टीतल्या पोरीला काका नसतात, भावकी नसते. तुझ्या ओसरीवर किती जण बसतात ते मोज एकदा."

"तू चल. पोरगी सोबत असली की बरं दिसतं."

गेले. लातूरला गाडी बदलून आम्ही तिघं रेणापूरला पोचलो. अप्पा कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसले होते, शेजारी तिचे काका. तिनं पाठ केलेलं बोलून टाकलं. मला वाटलं, आता भडका उडणार. अप्पांनी नुसतं पोराकडं बघितलं.

"लातूरला कुणाचे तुम्ही?"

पोरानं मामाचं नाव सांगितलं. मामाचं आडतीचं दुकान होतं.

"आं? त्यांचे भाचे व्हय! अहो, मग आधी नाही का सांगायचं? आमची डाळ त्यांच्याकडूनच येती की!"

तिची सगळी युक्ती तिथंच आडवी झाली. जातीतला पोरगा, ओळखीचं घर आणि पोरीची पसंती आयती. अडवायला उरलंच काय? काकांनी फोन लावला. चहाचे कप विसळायच्या आत म्हणा ना, मामा मोटारसायकलवरून हजर. खिशात सुपारी घेऊनच आले होते.

"अप्पा, पण शिक्षण..." ती म्हणाली.

"हाव हाव, बघू की. आधी सुपारी तर फुटू दे."

"लई चांगलं झालं," काका म्हणाले. "दुष्काळ हाय, म्होरल्या महिन्यात देवळातच उरकू."

अप्पांनी सुपारी फोडली. तिच्या आईनं, अव्वानं, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, माझ्यासुद्धा. घोषणावाला? तो साखर चाटत बसला होता. 'नको' हा एवढासा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक ठरली. ती मोडली तर पोराला कुणी काही म्हणत नाही, पोरीचं नाव मात्र घरोघर फिरतं.

परतीच्या गाडीत तो तिला म्हणाला, "झालं ते झालं. मी काय वाईट आहे का? जमेल की हळूहळू. तसंही आई म्हणत असते, घरात माणूस पाहिजे."

"अन् माझं वर्ष?"

"बघू ना नंतर. दुकान मामाचं आहेच."

"मला विचारलंस का तू?"

"आता विचारायचं काय राहिलंय?"

नाटकात मदत केली म्हणून पोरगी बक्षीस मिळते, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. त्यानं तर तसली एक गोष्टही वाचली नव्हती. ती उठली आणि पाण्याच्या कॅन ओलांडत मागं माझ्याशेजारी येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा रेणापूरला निघाली. मीही गेले. ती घरी न जाता थेट दुकानात शिरली. अप्पा एका बाईला साखर जोखून देत होते. मी दाराशी पोत्यावर बसले.

"अप्पा, ते सगळं खोटं होतं. आमचं काही जमलेलं नाही. मला पोरगा नको, वर्ष पाहिजे."

साखर घेणारी बाई जागची हलेना. अप्पांनी पुडा बांधून तिच्या हातात दिला आणि ती पायरी उतरेपर्यंत थांबले.

"चार माणसांत सुपारी फोडली म्या. नुसतं तोंडानं सांगायला काय झालतं तुला?"

"सांगितलं होतं. दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं. तुम्ही गिऱ्हाईकंच बघून राहिलता."

तराजूत सांडलेली साखर अप्पांनी हातानं गोळा करून डब्यात टाकली. बराच वेळ लावला त्याला.

"लोक काय बोलतील ते तुला ऐकावं लागंल. मी तोंडं धरू शकत न्हाई कुणाची."

"ऐकीन."

"मामाला सांगायला मी जातो. तू येऊ नको." त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि गल्ल्याकडं बोट केलं. "मी येईस्तोवर दुकान बघ. अन् सांजच्या गाडीनं नांदेडला जा."